खाडीपलीकडील वेळास

कोंकणच्या किनाऱ्यावरील कोणत्याही जुन्या गांवास दोन दारें असतात. एक डोंगराकडील व दुसरें पाण्याकडील. आज आपण बहुतेक सारे डोंगराकडील दारानेंच आंत शिरतों. घाटाच्या वळणावळणाच्या रस्त्यानें मोटार खालीं उतरते, पेठेंतून वाट काढीत देवळापाशीं थांबते, आणि समुद्र अगदीं शेवटीं, परसदारीं पाहावा तसा, दृष्टीस पडतो. शंभर वर्षांपूर्वीं हा हिशेब अगदीं उलट होता. त्या वेळीं पाहुणा येई तो पाण्यावरून; टपाल येई तें पाण्यावरून; मुंबईस चाकरीला राहिलेला मुलगा शिमग्यास घरीं येई तोहि पाण्यावरूनच. घाट ही परसांतली वाट होती आणि खाडी हा राजरस्ता होता. त्या जुन्या पुढील दारानें एखाद्या लहानशा गांवांत शिरून पाहावें, अशी आमची पुष्कळ दिवसांची इच्छा होती. गेल्या फाल्गुनांत ती पुरी झाली. तिचाच हा वृत्तांत आहे. परंतु केवळ प्रवासवर्णन करण्याचा आमचा हेतु नाहीं. ह्या प्रवासांत एक गोष्ट आमच्या मनांत पक्की झाली, ती वाचकांपुढें मांडावयाची आहे.

वेळास हें रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, मंडणगड तालुक्यांत, सावित्री नदीच्या मुखाच्या दक्षिणेस वसलेलें लहानसें खेडें आहे. त्याचें नांव वाचकांच्या कानांवरून दोन कारणांनीं गेलें असेल. नाना फडणिसांच्या भानु घराण्याचें हें मूळचें गांव, हें एक. आणि तेथील वाळूंत जन्म घेणारीं समुद्री कांसवें, हें दुसरें. मंडणगडाहून वेळासपर्यंत चांगली सडक आहे व पुण्या-मुंबईचे बहुतेक प्रवासी तिनेंच जातात. आम्हीं मात्र मुद्दाम वाट वांकडी केली. श्रीवर्धनास मुक्काम केला, दुसऱ्या दिवशीं हरिहरेश्वराचें दर्शन घेतलें, आणि तेथून बागमांडल्याच्या धक्क्यावर येऊन खाडी ओलांडली. आमच्या मंडळींत घरांतील तीन पिढ्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई सर्वांत पुढें आणि नऊ वर्षांचा पुतण्या त्यांच्याहि पुढें, असा एकंदर थाट होता.

ज्या पाण्यावरून आम्हांस जावयाचें होतें, त्याची थोडी ओळख आधीं करून दिली पाहिजे. महाबळेश्वरीं उगम पावणाऱ्या नद्यांपैकीं कृष्णा, कोयना व वेण्णा ह्या देशावरच्या झाल्या; सावित्रीनें मात्र सह्याद्रि उतरून पश्चिमेची वाट धरली. पोलादपूर, महाड, दासगांव अशीं गांवें मागें टाकीत ती बाणकोटापाशीं समुद्रास मिळते. तिच्या मुखाकडील रुंद, खाऱ्या पाण्याच्या भागास बाणकोटची खाडी म्हणतात. उत्तरेचा कांठ रायगड जिल्ह्यांत व दक्षिणेचा रत्नागिरी जिल्ह्यांत पडतो. दोन्ही बाजूंस डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरलेले, मध्यें भरतीनें फुगलेली खाडी, आणि पश्चिमेस जेथें आभाळ व पाणी एक होतें तेथें उघडा समुद्र. हा देखावा धक्क्यावर उभें राहून पाहतांना आत्याबाईंखेरीज आम्ही सारेच कांहीं वेळ बोलावयाचें विसरलों.

आत्याबाई मात्र बोटीकडे पाहत होत्या. "ही बोट आहे की मोटारींचा गोठा?" असें त्यांनीं विचारलें. त्यांचें चुकलें नव्हतें. ह्या भागांत 'जंगलजेटी' ह्या नांवानें ओळखली जाणारी ही बोट सपाट बुडाची, लोखंडी व ऐसपैस असते. पुढल्या अंगास एक मोठी लोखंडी झडप असते. ती धक्क्याच्या उतारावर टेकली, कीं तिच्यावरून मोटारी, फटफट्या, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया, शाळेचीं मुलें व आमच्यासारखीं हौशी माणसें आंत शिरतात. खलाशी शिट्टी वाजवून एकेका गाडीस अशी जागा दाखवितो, कीं दोहोंमध्यें हात शिरणें कठीण. मग झडप वर उचलली जाते, यंत्राचा धडधडाट सुरू होतो, आणि धक्का हळूहळू मागें सरकूं लागतो.

पुतण्यानें लगेच तांडेलास गांठलें. "काका, खाडी किती खोल आहे?"

तांडेल हंसून म्हणाला, "भरतीला विचारशील तर एक सांगेल, बाळा, आणि ओहटीला विचारशील तर दुसरंच. मी आपला दोघींना विचारून बोट घालतो."

खाडी ओलांडावयास पुरता पाव तासहि लागला नाहीं. पण एवढ्या वेळांत आमच्या मनांत अडीच-तीनशें वर्षें येऊन गेलीं. कारण मराठ्यांच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण ह्याच पाण्यावरून सुरू झालेलें आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस श्रीवर्धन हें जंजिऱ्याच्या शिद्दीच्या अमलाखालीं होतें. तेथील भट घराणें व खाडीपलीकडील वेळासचें भानु घराणें ह्यांचा जुना घरोबा. भटांवर शिद्दीची इतराजी झाली. आंग्र्यांशीं ह्यांचें सूत आहे असा त्याचा संशय होता. बाळाजी विश्वनाथाच्या भावास पकडून समुद्रांत बुडविलें, असें बखरींत सांगितलें आहे. बाळाजीपंतांस खुष्कीच्या वाटेवर शिद्दीच्या चौक्या चुकविणें कठीण होतें. ते खाडी उतरून वेळासला भानूंच्या आश्रयास आले. शिद्दीचा हात येथवरहि पोंचेल हें उघड असतां भानूंनीं दार लावून घेतलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर तेहि घरदार सोडून त्यांच्याबरोबर देशावर निघाले. 'भाकरी मिळाली तर तींतली चतकोर तुमची,' असें वचन बाळाजीपंतांनीं त्या वेळीं भानूंस दिलें, अशी कथा सांगतात. १७१३ मध्यें बाळाजी विश्वनाथास शाहूमहाराजांनीं पेशवाईचीं वस्त्रें दिलीं आणि भानूंच्या घरांत फडणिशी आली. चतकोर भाकरीचा शब्द पाळला गेला. त्या घराण्याच्या तिसऱ्या पिढींत बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना फडणीस झाले. ते जन्मले १७४२ मध्यें साताऱ्यास व वारले १८०० मध्यें पुण्यास. पण ज्या होडीनें त्यांच्या घराण्याचें दैव बदललें, ती लागली वेळासच्या बाजूस.

ह्या गोष्टीस जोडून आणखी एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. पहिल्या पेशव्यानें येथली खाडी ओलांडून राज्याची वाट धरली; शेवटल्या पेशव्यानें ह्याच किनाऱ्यावरून राज्याकडे पाठ फिरविली. ऑक्टोबर १८०२ मध्यें पुण्याजवळच्या लढाईंत होळकरांचा जय झाल्यावर दुसरा बाजीराव महाडास आला, तेथून हर्णैच्या सुवर्णदुर्गाकडे गेला, आणि इंग्रजांच्या जहाजांतून वसईस पोंचला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरास वसईचा तह झाला. पाणी कोणासहि वाट देतें. त्या वाटेनें जाऊन मनुष्य काय करतो हें पाणी पाहत नाहीं.

बोट वेसवीच्या धक्क्यास लागली. तेथून खाडीच्या कांठानें पश्चिमेकडे जाणारा रस्ता बाणकोटावरून वेळासला जातो. बाणकोटाची वस्ती बहुतांशीं कोंकणी मुसलमानांची. दाराशीं जाळीं वाळत घातलेलीं, ओट्यावर म्हातारे बसलेले. येथली बोली कोंकणपट्टींतील मराठीचाच एक गोड प्रकार असून भाषाशास्त्रज्ञ तिला 'बाणकोटी' ह्याच नांवानें ओळखतात. टेकडीवर जांभ्या दगडाचा हिंमतगड आहे. एप्रिल १७५५ मध्यें कमोडोर जेम्स ह्या इंग्रज दर्यासारंगानें तो आंग्र्यांकडून घेतला आणि त्यास 'फोर्ट व्हिक्टोरिया' असें नांव दिलें. ह्या मोहिमेंत पेशव्यांचें व इंग्रजांचें एकमत होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मन उदास होतें. आपलेंच आरमार आपल्याच संमतीनें दुबळें झालें आणि पुढील वर्षाच्या तहानें बाणकोट इंग्रजांकडे कायम झालें. पेशवाई बुडाल्यावर १८१८ पासून १८२२ पर्यंत दक्षिण कोंकणच्या जिल्ह्याचें मुख्य ठाणेंहि हेंच होतें; मग तें रत्नागिरीस गेलें. गडाच्या पडक्या तटावरून खालीं पाहिलें कीं ह्या लहान जागेस एवढें महत्त्व कां होतें तें न सांगतां कळतें. खाडींत शिरणारें प्रत्येक गलबत येथून हाकेच्या टप्प्यांत येतें.

गडाच्या सावलींत बसून आत्याबाईंनीं आगबोटींच्या काळच्या आठवणी काढल्या. त्यांचें बालपण ह्या किनाऱ्यावरच, थोडें दक्षिणेस गेलें. "बोट आली असं कोणी सांगावं लागत नसे," त्या म्हणाल्या. "भोंगा झाला की अर्धं गाव बंदरावर. ज्याचं कोणी येणार नसे तोही जायचा." आगबोट किनाऱ्यास लागत नसे, ती दूर खोल पाण्यांत उभी राही. मग पडाव जात, शिडीवरून माणसें खालीं उतरत, आणि पडाव वाळूजवळ आला कीं म्हाताऱ्या-कोताऱ्यांस खलाशी खांद्यावर घेऊन कोरड्या जागीं सोडीत. ट्रंका, वळकट्या, रडणारीं मुलें, ओकारीनें हैराण झालेल्या नव्या नवऱ्या, आणि ह्या साऱ्या गोंधळांत मुंबईहून आलेला एखादा खाऊचा पुडा भिजूं नये म्हणून चाललेली धडपड; आत्याबाई सांगत होत्या आणि आमचीं मुलें तोंडें उघडीं टाकून ऐकत होतीं. पावसाळ्याचे चार महिने बोटी बंद. त्या दिवसांत माहेरीं गेलेली मुलगी माहेरीं आणि सासरीं राहिलेली सासरीं.

ह्या आठवणी गोड असल्या तरी समुद्राची वाट कांहीं फुलांची नव्हती. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. कोंकणांत त्या दिवसाचें नांव काढलें कीं आजहि म्हातारीं माणसें गप्प होतात. पुढें रस्ते झाले, मोटारी आल्या, आगबोटी थांबल्या, आणि १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पुरी झाल्यावर तर समुद्राची वाट चाकरमान्यांच्या ध्यानींमनींहि राहिली नाहीं.

पण ह्या खाडीवरून गेलेली आणखी एक बोट आपण विसरूं नये. डिसेंबर १९२७ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी महाडच्या परिषदेस निघाले, तेव्हां धरमतरकडील मोटारवाल्यांनीं त्यांस नेण्याचें नाकारलें. म्हणून ही सर्व मंडळी मुंबईस 'पद्मावती' बोटींत बसली, हरिहरेश्वरापाशीं आली, आणि तेथून ह्याच खाडींतून वर जाऊन २५ डिसेंबरास दासगांवास उतरली. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ज्यांस नाकारलें होतें, त्यांस खाडीच्या पाण्यानें वाट दिली. बाबासाहेबांच्या पूर्वजांचें आंबडवे हें गांव वेळासच्याच मंडणगड तालुक्यांत आहे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. एकाच तालुक्यांतलीं हीं दोन गांवें. एकाची कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानें सांगितली गेली, दुसऱ्याची सांगावयास आपल्यापैकीं अनेक घरांस फार उशीर लागला. आमच्या मुलांस आम्हीं त्या गडावर दोन्ही कथा एकापाठोपाठ सांगितल्या. पुतण्यानें विचारलें, "म्हणजे दोन्ही वेळां रस्ता अडवला होता, आणि दोन्ही वेळां होडीच उपयोगी पडली?" होय, प्रारंभीं आम्हीं जी गोष्ट मनांत पक्की झाली म्हणून म्हटलें, ती हीच. जमिनीच्या वाटेवर चौकी बसवितां येते; पाण्याच्या वाटेवर ती बसविणें अवघड. लहान गांवांस मोठ्या जगाशीं जोडणारी आणि कोणाच्या मेहेरबानीवर फारशी न चालणारी अशी ही वाट होती. आपण ती सोडली तेव्हां केवळ प्रवासाचें एक साधन सोडलें नाहीं. त्या गांवांकडे कोणत्या बाजूनें पाहावें, हेंहि विसरलों.

वेळासांत शिरतांना प्रथम दिसतात त्या नारळी-पोफळींच्या वाड्या. त्यांतून जाणारी अरुंद पाखाडी, दोन्ही बाजूंस जांभ्याचे गडगे, आंत कौलारू घरें व शेणानें सारवलेलीं अंगणें. रामेश्वराचें देऊळ आहे. गांवांत नानांचें स्मारकहि आहे. परंतु आमच्या मनास लागून राहिलीं तीं कुलुपें. चार घरें नांदतीं, तर पांचव्यास कुलूप. ओटा झाडलेला असतो, तुळस जिवंत असते, कारण शेजारी पाणी घालतो. पण दाराच्या कडीवर गंज. मालक पुण्यास, ठाण्यास किंवा परदेशीं. ज्या गांवाचा इतिहासच मुळीं निघून जाण्यापासून सुरू झाला, तेथें कोणी गेल्याबद्दल तक्रार कशी करावी? तक्रार नाहींच. प्रश्न एवढाच, कीं जाणाऱ्यांच्या कथा आपण लिहून ठेवल्या. राहिलेल्यांनीं काय केलें, तें कोणी विचारलें?

राहिलेल्यांनीं काय केलें, तें आम्हीं दुसऱ्या दिवशीं पहांटे पाहिलें. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत 'ऑलिव्ह रिडले' जातीच्या समुद्री कांसविणी रात्रीं ह्या वाळूवर येतात. मागल्या वल्ह्यांसारख्या पायांनीं सुमारें दीड फूट खोल, सुरईसारखा खड्डा खणतात, त्यांत शंभरावर अंडीं घालतात, वाळू लोटून जागा सारखी करतात आणि पुन्हा समुद्रांत निघून जातात. पिलें बाहेर यावयास सुमारें पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. त्या वेळीं आई जवळ नसते. आपल्या संतवाङ्मयांत कांसवी नुसत्या दृष्टीनें पिलांस पोसते अशी उपमा वारंवार येते. शास्त्र सांगतें तें निराळें आहे. पिलांचें रक्षण वाळूची ऊबच करते, आणि पिलूं नर व्हावयाचें कीं मादी, हेंहि त्या उबेवरच ठरतें. वाळू अधिक तापली कीं माद्या अधिक. मग कोल्हीं-कुत्रीं येत, माणसेंहि अंडीं काढून नेत, आणि वाळूंत फुटकीं कवचें राहत.

२००२ मध्यें चिपळूणच्या 'सह्याद्रि निसर्ग मित्र' ह्या संस्थेनें वेळासच्या लोकांस बरोबर घेऊन हें काम हातीं घेतलें. तेव्हांपासून गांवांतील माणसें विणीच्या दिवसांत रोज पहांटे किनारा चालून जातात. वाळूवर कांसविणीच्या पायांची रुंद खूण दिसली कीं तिचा माग काढतात, अंडीं अलगद उचलून कुंपण घातलेल्या जागीं तशाच खोलीच्या खड्ड्यांत ठेवतात, तारीख व संख्या लिहून ठेवतात, आणि पिलें वर आलीं कीं सकाळ-संध्याकाळ त्यांस समुद्राकडे सोडतात. संतांनीं वर्णिलेली ती कांसवीची दृष्टि कोणाची असेल, तर ती आतां ह्या गांवकऱ्यांची आहे.

आम्ही किनाऱ्यावर गेलों तेव्हां झुंजुमुंजु झालें होतें. रखवालदारानें वाळूवरची टोपली उचलली. खालीं तळहातांत मावतील अशीं करडीं-काळीं पिलें, एकमेकांच्या पाठीवर चढत असलेलीं. त्यानें तीं पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडलीं. "थेट पाण्यांत का नाहीं सोडत?" असें मुलांनीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "चालू दे त्यांना. वाळू ओळखली पाहिजे, तर परत येतील." मग दोरीपलीकडे उभीं राहिलेलीं साठ-सत्तर माणसें, एरवीं घटकाभर गप्प न बसणारीं, श्वास रोखून पाहूं लागलीं. एक पिलूं वाटेंतल्या पावलाच्या खळग्यांत उलटलें, धडपडलें, सरळ झालें, आणि लाट येऊन त्यास घेऊन गेली. आत्याबाईंनीं नकळत हात जोडले. हजारांतून एखादेंच मोठें होतें, असें जाणकार म्हणतात.

हीं कांसवें किती लांब जातात, तें अलीकडेच कळूं लागलें आहे. जानेवारी २०२२ मध्यें ह्याच वेळासच्या किनाऱ्यावर एका कांसविणीच्या पाठीवर उपग्रहास संदेश देणारें यंत्र बसविण्यांत आलें. तिचें नांव 'प्रथमा' ठेविलें होतें. २०२१ मध्यें ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली एक कांसवीण तर २०२५ च्या जानेवारींत गुहागरला अंडीं घालतांना सांपडली. पूर्वसमुद्रावरून पश्चिमसमुद्रावर! तिला कोणत्याहि चौकीवर कोणीं अडविलें नाहीं.

ज्यांच्या घरीं आम्ही उतरलों होतों, त्या काकूंनीं दुपारीं तांदळाची भाकरी, कुळथाचें पिठलें, फणसाची भाजी व सोलकढी असा बेत केला होता. कांसवांच्या निमित्तानें पाहुणे येऊं लागल्यापासून गांवांतील अनेक घरांत अशी सोय झाली आहे, आणि घरच्या बायकांच्या हातीं स्वतःच्या कष्टाचा पैसा येऊं लागला आहे. जेवतांना पुलाचा विषय निघाला. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी मार्गावर ह्या खाडीवरहि पूल योजिलेला आहे. पूर्वीं एकदां सुरू झालेलें काम वर्षानुवर्षें रखडलें होतें. आम्हीं सहज म्हटलें, "पूल झाला कीं ही जंगलजेटी जाईल, वाईट वाटेल."

काकूंनीं वाढतां वाढतां हात थांबविला. "तुम्हांला वाईट वाटेल, कारण तुम्ही दिवसाउजेडीं येतां," त्या शांतपणें म्हणाल्या. "रात्रीं बोट नसते. माझ्या जावेला कळा सुरू झाल्या तेव्हां रात्रीचे दोन वाजले होते. समोर दिवे दिसतात पलीकडचे, पण जायचं कसं? शेवटीं मंडणगडाकडे गाडी काढली. देवाच्या कृपेनं सगळं नीट झालं. पण तुम्ही पुलाला नको म्हणूं नका हं."

आत्याबाई लगेच म्हणाल्या, "खरं आहे हो वहिनी. आम्ही चार महिने माहेराचं तोंड पाहत नव्हतों, त्यांत कसली आली मौज!"

ह्यावर बोलण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें, आणि नसावेंच. पूल झाला पाहिजे. ज्यांस त्या पाण्याकांठीं जन्म काढावयाचा आहे, त्यांच्या गरजेपुढें आमच्यासारख्या दोन दिवसांच्या पाहुण्यांच्या हौसेस किंमत नाहीं. मात्र पूल झाल्यावर बोट गेलीच पाहिजे, असेंहि नाहीं. पूल घाईसाठीं असावा. बोट पोंचण्यासाठीं असावी. मोटारींत बसून पुलावरून गेलेल्या मुलास खाडीची रुंदी आंकड्यांत कळेल. बाळाजीपंतांस व बाबासाहेबांच्या मंडळीस तिनें काय दिलें, तें बोटीवर उभें राहिल्यावांचून कळणार नाहीं. धक्के दुरुस्त राहिले आणि माणसें बोटीनें येत राहिलीं, तर दोन्ही वाटा नांदतील. हें सरकारपेक्षां प्रवाशांच्या हातीं अधिक आहे.

म्हणून वाचकांस आमची विनंति आहे, कीं मुलांच्या परीक्षांतून सवड होईल तेव्हां, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, एकदां घरांतील सर्व पिढ्यांनीं मिळून ह्या वाटेनें जावें. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, वेसवी, बाणकोट, वेळास असा क्रम ठेवावा. निघण्यापूर्वीं गांवांत चौकशी करून पिलें केव्हां बाहेर येण्याचा संभव आहे तें विचारावें. पण तीं आपल्या सोईनें जन्मत नाहींत, हें मुलांस आधींच सांगून ठेवावें. किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे उभें राहावें, पिलांस हात लावूं नये, त्यांच्यावर दिव्यांचा झोत टाकूं नये. मोठ्या हॉटेलापेक्षां गांवकऱ्यांच्या घरीं उतरावें, आणि घरची बाई काय सांगते तें मन लावून ऐकावें.

आणि एक काम प्रवासास न निघतांहि करतां येण्याजोगें आहे. आपल्यापैकीं ज्यांचीं घराणीं कोंकणांतून आलीं, त्यांनीं घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ बसून विचारावें, कीं आपले आजे-पणजे कोणत्या बंदरावर बोटींत बसले, वाटेंत त्यांस कोणीं आसरा दिला, आणि मागें कोण राहिलें. उत्तर मिळेल तें त्याच दिवशीं वहींत लिहून ठेवावें. आमच्या आत्याबाईंनीं परतीच्या प्रवासांत सांगितलेलें आम्हीं लिहून घेतलें; साडेचार पानें झालीं. त्यांत तीन बंदरांचीं नांवें आहेत, दोन तांडेलांचीं आहेत, आणि एका घराच्या किल्लीचा ठावठिकाणा आहे. ती किल्ली आमच्याच कपाटांत, जुन्या डब्यांत सांपडली. येत्या शिमग्यास तें कुलूप उघडावयाचें ठरलें आहे.